फिल्मच्या कारखान्यातून परत आल्यावर

कळमनुरीतलं आमचं घर म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरच्या एकामागे एक तीन खोल्या. पुढची स्टुडिओ, मागची स्वयंपाकाची, आणि मधली, जिला खिडकी नव्हती, ती डार्करूम. चुलीपासून स्टुडिओत जायचं तर बाजूच्या बोळातून वळसा घालावा लागे. घरात काहीही शिजो, त्याला हायपोचा वास लागायचाच. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. खडीसाखरेसारखे त्याचे खडे असत आणि पाण्यात टाकून ढवळले की पाणी गार पडे. लहानपणी मला तो खेळच वाटायचा. भर उन्हाळ्यात बादलीत हात घालून बसायचे मी. याडी ओरडायची. याडी म्हणजे माझी आई. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. ती म्हणायची, "लोकांच्या कढीला कढीपत्त्याचा वास येतो, आमच्या कढीला फोटोचा."

वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. आमचा तांडा कळमनुरीपासून बैलगाडीच्या अंतरावर. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर नेलेलं. त्या गोष्टी तांड्यावर म्हातारी माणसं अशा सांगायची, जणू कालच शेवटचा कारवां उतरला. बापूंच्या वाट्याला मात्र थोडीशी मुरमाड जमीन आणि एक बैलजोडी आली. दुष्काळात तेही राहिलं नाही, तेव्हा ते हिंगोलीत एका फोटोग्राफरकडे झाडलोट करायला लागले आणि झाडता झाडता कॅमेरा शिकले. पुढे कळमनुरीत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ टाकला. तांड्यातला माणूस फोटो काढतो याचं लोकांना नवल वाटायचं. बाजाराच्या दिवशी दारात रांग लागायची. कुरुंद्याकडचे हळदवाले आले की त्यांच्या बोटांचा पिवळा रंग फोटोला लागू नये म्हणून बापू आधी त्यांना हात धुवायला लावत. एकदा मीच हळद कुटून तशीच आत गेले आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवायच्या औषधात, बोटं बुडवली, तर बोटं लालभडक झाली. मी घाबरून रडायला लागले. बापू हसले आणि म्हणाले, "हळदीला खारं पाणी लागलं की ती कुंकू व्हती. रडती काहून?"

बापू माळकरी होते. तांड्यावर सणाला बोकड पडलं तरी ते ताटावर बसत नसत. याडी त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी करायची. डार्करूममध्ये ते चपला घालून जात नसत. आत जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. मला वाटायचं, सगळे फोटोग्राफर असंच करत असतील. त्यांनी तांड्यावरच्या देवीचा एक फोटो काढून मोठा केला होता. त्याच्या प्रती आसपासच्या कितीतरी देवघरांत गेल्या होत्या. बायका त्या फोटोला हळदकुंकू वाहायच्या, आणि बापू सांगायचे की फोटोच्या कागदात चांदी असते, म्हणून तो देवाला चालतो. चांदीचं आम्हाला ठाऊकच होतं. वापरलेला हायपो विकत घ्यायला नांदेडहून माणसं यायची, कारण त्यात चांदी उतरलेली असायची.

बारावी झाल्यावर मी दिवसभर डार्करूममध्येच असे. पुढचं कॉलेज नांदेडला. तिकडे पाठवायचं की नाही यावर घरात बोलणं चालू होतं, तेवढ्यात स्थळं यायला लागली आणि कॉलेजचा विषय मागे पडला. बापूंना मी आत लागायचे. लाल दिव्याखाली पांढरा कागद पाण्यात हलवत बसायचं, आणि मग त्यातून आधी केस, मग भुवया, मग डोळे वर येतात. पुष्कळ वर्षं मी हे काम केलं, पण त्या क्षणाला मी कधी सरावले नाही. आज नातीच्या फोनवर फोटो निघतो तो निघताक्षणीच पुरा असतो. तिला मी सांगते की माणूस हळूहळू दिसायला लागायचा, तर ती म्हणते, "म्हणजे नेट स्लो होतं का आजी?"

त्या वर्षी होळीनंतर नांदेडच्या घाऊक व्यापाऱ्याने निरोप पाठवला. आम्ही त्याच्याकडून कागद आणि औषधं घ्यायचो. दक्षिणेत डोंगरावर फिल्म आणि फोटोचा कागद बनवणारा एक मोठा कारखाना होता. तो पाहायला काही स्टुडिओवाल्यांना नेणार होते. बापूंनी आयुष्यात तोवर हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब हो म्हटलं आणि वर सांगितलं की सुमनही येईल. याडी म्हणाली, "सगळे गडीमाणसं. पोरीला कुठं नेता?" बापू म्हणाले, "आतलं सगळं काम ती करते. मंग कागद कुठं जनमतो ते तिनं पाहू नये व्हय?" याडीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माझं स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांना मात्र सांगितलं की पोरगी मामाकडे गेली आहे.

आमच्यासोबत वसमतचे सय्यदभाई होते. जाडजूड, बोलके, स्टुडिओच्या धंद्यात बापूंपेक्षा मुरलेले. गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि "बेटी, पहाड आने दे, फिर देख" असं म्हणत दोन दिवस मला जागं ठेवलं. शेवटी डोंगर आले. बस वळणावळणाने वर चढायला लागली आणि हवा हायपोच्या बादलीसारखी गार झाली. बापूंनी उपरणं कानांवरून गुंडाळलं. मी असली झाडं कधी पाहिली नव्हती, सरळ आभाळात गेलेली. बापू पुनःपुन्हा म्हणत होते, "इथं इमल्शन कधीच वितळायचं न्हाई, सुमन." इमल्शन म्हणजे फिल्मवरचा तो चिकट थर. त्यातच चित्र उमटतं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पाणी तापलं की तो थर बुळबुळीत होऊन फिल्मवरून निसटायचा, आणि कोणाचं तरी लग्न त्याच्याबरोबर वाहून जायचं. आम्ही ओल्या वाळूवर ट्रे ठेवायचो, रांजणातलं पाणी वापरायचो, तरी एखादं जायचंच.

कारखान्यात आम्हाला पांढरे अंगरखे आणि कापडी जोडे दिले. धुळीचा एक कणही आत न्यायचा नव्हता. सगळं दाखवायला एक बाई आल्या. तिशीच्या आतबाहेर असतील, केसांत अबोलीचा गजरा, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. त्या तिथल्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. सय्यदभाईंनी आधी त्यांना चहा आणणाऱ्या समजून "बहनजी, साहब कब आयेंगे" असं विचारलं होतं. बाई हसून म्हणाल्या, "साहब मैं ही हूँ." त्यांची हिंदी तमिळ वळणाची होती, थांबत थांबत येणारी, त्यामुळे आम्हाला नीट समजायची. मी त्यांच्या इतकी मागे मागे होते की बापूंना दोनदा मला ओढावं लागलं.

आधी त्यांनी चांदी दाखवली. जाळीच्या आड विटा रचलेल्या होत्या, आणि शेजारच्या खोलीत त्या तेजाबात विरघळवत होते. बापू जाळीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखा. "पाहिलं का," ते मला म्हणाले, "म्या सांगत नव्हतो?" मग आम्ही एका मोठ्या दालनात गेलो. तिथे उंच चकचकीत भांडी होती. त्यांत काहीतरी हळूहळू ढवळलं जात होतं आणि ऊबदार, थोडासा ओशट वास येत होता. एका टेबलावर बाईंनी फिकट पिवळ्या पापुद्र्यांचा वाडगा ठेवला होता. साबुदाण्याच्या पापड्या चुरल्यासारखे दिसत होते ते. "ये जिलेटिन है," त्या म्हणाल्या. "चांदी अकेली कहीं नहीं टिकती. इसमें मिलाते हैं, तब फिल्म पर बैठती है. बिना इसके फोटो नहीं."

बापूंनी एक पापुद्रा उचलला, बोटांत चोळला, हुंगला. "बढिया," ते म्हणाले. "ये कौन से झाड का गोंद है?"

बाई म्हणाल्या, "झाड का नहीं. हड्डी का. गाय-बैल की हड्डी से निकलता है."

बापूंना वाटलं, आपल्याला हिंदी नीट समजली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "मरे हुए बैल की?"

"हाँ जी. गाँव-गाँव से हड्डी जमा होती है. दूसरे कारखाने में जिलेटिन बनता है, साफ होके यहाँ आता है. सब देशों में ऐसे ही करते हैं." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट होती, आणि कोणी विचारलं तर खरं सांगायचं एवढाच त्यांचा रिवाज. मग बापूंच्या गळ्यातल्या माळेकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "इनको पता नहीं था?"

बापूंनी तो पापुद्रा परत वाडग्यात ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग हात पुसायला अंगरख्याला खिसा शोधत राहिले, आणि त्या अंगरख्याला खिसाच नव्हता.

तिथून पुढे अंधाराच्या खोल्या होत्या. फिल्मवर थर चढवायचं आणि ती कापायचं काम अंधारात चालतं. एकामागे एक दारं बंद होत गेली आणि शेवटी असा काळोख आला की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळेना. बाईंनी आम्हाला एकमेकांचे हात धरायला सांगितलं. समोरून येणारी माणसं तोंडाने बारीक आवाज करत येत होती, धडक होऊ नये म्हणून. पुढच्या खोलीत मिणमिणता तांबडा दिवा होता. तिथे फोटोचा कागद कापून पाकिटांत भरत बायका ओळीने बसल्या होत्या. त्या तमिळमध्ये काहीतरी बोलत होत्या, मधेच एकजण हसत होती, हात मात्र थांबत नव्हते. हा तोच कागद होता. कळमनुरीत मी पाकीट फोडायचे तेव्हा माझ्या आधी यांच्यापैकीच कोणाचा तरी हात त्याला लागलेला असणार. मला एकदम इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, मी एकटीच त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसत नव्हते. आपण करतो ते एक काम आहे, त्याचं शास्त्र आहे, बायका ते करतात, एक बाई त्यातली साहेब आहे. आणि त्याच वेळी माझ्या डाव्या हातात बापूंचा हात होता आणि तो थंडगार पडला होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खुशी आणि त्यांचं सगळ्यात मोठं दुःख अशी एका खोलीत शेजारी शेजारी उभी होती. मी हात सोडला नाही, पण मान वळवून त्या बायकांकडेच पाहत राहिले.

परतीच्या गाडीत बापू जेवले नाहीत. सय्यदभाईंनी त्यांच्यासाठी स्टेशनावरून केळी आणली, सोलून पुढे धरली. "राठोडसाब, दो निवाले तो खा लेव. अपन को क्या मालूम था? जिसको मालूम नहीं, उसको गुनाह नहीं." बापूंनी मान हलवली आणि केळं हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी जमीन दिसायला लागली, कापसाच्या पळाटीची शेतं, बाभळी. बापू खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "आपल्या मोऱ्याची हाडं कुठं गेली असतील, सुमन?"

मोऱ्या आणि सर्जा ही बापूंची जोडी. मी तेव्हा फार लहान होते, मला फक्त मोऱ्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आठवतो. दुष्काळात चारा संपला, छावणीपर्यंत पोचायच्या आत सर्जा वाटेत बसला आणि मोऱ्या चार दिवसांनी. गावोगावी तेच झालं होतं. मग हाडं गोळा करणारे आले. बाजेवरचं अंथरूण झटकावं तसं त्यांनी माळरान साफ केलं, ढिगाने हाडं गाड्यांत भरली आणि स्टेशनाकडे नेली. लोक म्हणायचे, खताला जातात. कोणी म्हणे, साखर कारखान्याला जातात. बापूंनी हे सगळं मला त्या सकाळी पहिल्यांदाच सांगितलं. "आमच्यात बैल विकला तर पाप," ते म्हणाले. "देवाला सोडलेल्या बैलाच्या पाठीवर तर आमचे लोक ओझंबी घालत नव्हते. आन म्या इतकी वर्षं त्यात हात बुडवून राहिलो. देवीला त्याच्यावर बसवलं." मला त्यांच्यासारखी किळस वाटत नव्हती. वाटायला हवी होती का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी मला रोज घ्यायला कॅप्सूल दिल्या आहेत. त्यांचं ते गुळगुळीत टरफल कशाचं असतं ते मला माहीत आहे. मी पाण्याबरोबर गिळते, आणि बहुतेक रोज बापूंची आठवण येते.

घरी आल्यावर बापू आधी विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करून आले. मग देवघरातला देवीचा फोटो त्यांनी उचलला आणि कापडात गुंडाळला. पण गुंडाळल्यावर तो ठेवायचा कुठे ते त्यांना कळेना. पाण्यात सोडवेना, घरात ठेववेना. तो घेऊन ते बराच वेळ बोळात उभे राहिले. याडीने सगळी हकीकत माझ्याकडून ऐकली आणि त्यांच्या हातातून फोटो घेऊन कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फोटो देवघरात आपल्या जागी होता आणि समोर दिवा लावलेला. बापू म्हणाले, "हे काय केलंस?" याडी चुलीतली राख ओढत म्हणाली, "बाटला म्हणता. देवीला इचारलं का तुमी? ती कुठं काय म्हणाली?"

पण स्टुडिओ बंदच राहिला. बापू दार उघडून बाकावर बसत आणि येणाऱ्याला सांगत, काम बंद हाय. काहून, असं कोणी विचारलं तर गप्प राहत. लगीनसराई तोंडावर होती. बाजारात कुजबुज सुरू झाली की राठोडांची नजर गेली. माझ्यासाठी आलेल्या पाहुण्यांनी पुन्हा निरोप पाठवला आणि याडीनेही मान डोलावली. नाहीतरी पोरीचं आता घरात काम काय, असा त्या मान डोलावण्याचा अर्थ होता. मी डार्करूमचं दार लोटून आत नुसती बसून यायचे. कोरड्या ट्रेमध्ये झुरळं फिरत होती. झुरळं निगेटिव्ह कुरतडतात, चित्राचा थर तेवढा खातात आणि खालचं प्लास्टिक सोडून देतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. त्यांना काय आवडतं ते आता कळलं होतं.

अशात एका दुपारी सिद्धेश्वर धरणाकडचे एक मेंढपाळ आले. मारोती त्यांचं नाव. आम्ही सहलीला जायच्या आधीच्या बाजाराला ते बायकोला घेऊन आले होते. बाई पदर तोंडावर घेऊन फार लाजत होती, आणि बापूंनी कॅमेऱ्यामागून मेंढीसारखा आवाज काढला तेव्हा कुठे तिने पदर सोडला. तो रोल धुवायचा राहिला होता, तसाच कॅमेऱ्यात पडून होता. मारोती बाकाच्या कडेला टेकले आणि म्हणाले की ती तापाने गेली. परवा दहावा आहे. एक लेकरू आहे, दुधाचंच.

बापूंनी हात जोडले. मग त्यांनी जे इतर कोणाला सांगितलं नव्हतं ते मारोतींना सांगितलं. फोटोच्या कागदात काय असतं, ते कारखान्यात कसं कळलं, आपल्या हाताने आता ते होत नाही. सगळं सांगितलं, काही न लपवता. मारोतींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई, मालक. तिचा दुसरा फोटू न्हाई. लेकरू मोठं झाल्यावर इचारील, माय कशी व्हती. मी काय सांगू?"

बापू जमिनीकडे पाहत राहिले. बोळाच्या तोंडाशी याडी उभी होती. मारोती बोलत असताना ती तिथे कधी येऊन थांबली ते मला कळलं नव्हतं. ती गोरमाटीत म्हणाली, "सुमन, आत जा."

मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी कधी मला काही विचारून केलं नव्हतं. सांगायचे, आणि मी करायची. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "मला पाप वाटत न्हाई, बापू. तुमाला वाटतं तर तुमी शिवू नका. मी करते."

ते बाकावरून उठले. त्यांनी कॅमेरा उचलून माझ्या हातात दिला.

ऊन तापलेलं होतं, पाण्याला बोट लावलं तर कोमट. हा एकच रोल. त्याचा थर सुटला तर ती बाई कायमची गेली. याडीने रांजणाच्या तळचं पाणी आणलं, ओल्या गोणपाटाने ट्रे गुंडाळले, आणि डार्करूमच्या दाराला पाठ लावून बाहेर बसली, कोणी चुकून उघडू नये म्हणून. इतकी वर्षं ती या खोलीला वळसा घालत आली होती. अंधारात मी फिल्म सोडवली आणि औषधात सोडली. काही वेळाने बोटांखाली तो थर फुगल्याचं जाणवलं, मऊ, बुळबुळीत, जिवंत कातडीसारखा. हा स्पर्श मला लहानपणापासून ठाऊक होता. पण त्या दिवशी तो कशाचा ते ठाऊक असताना मी पहिल्यांदा त्याला हात लावत होते. मी घाईत असायची, फिल्म खसाखस ओढायची. त्या दिवशी मी तिला नवजात वासराला धरावं तशी धरली. अंधारात एकटी असताना मी मोऱ्याचं नाव घेतलं. प्रार्थना म्हणून नाही. तोंडातून गेलं, एवढंच.

थर टिकला. बोळातल्या तारेवर फिल्म वाळत घातली, मग तिच्यावरून कागदावर फोटो काढला. लाल दिव्याखाली आधी कपाळावरचं गोंदण आलं, मग नाकाची नथ, मग दात. ती हसत होती. पदर खांद्यावर पडलेला, डोळे बारीक झालेले, आणि तोंडभर हसू. मी ओला फोटो काचेवर घेऊन बाहेर आले. मारोतींनी तो हातात घेतला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहत राहिले. "हासली व्हय तवा?" ते म्हणाले. "मी तिच्या शेजारी हुभा व्हतो, मला दिसलंच न्हाई." फोटो वाळेपर्यंत ते तिथेच बसून होते. मग पटक्याच्या घडीत ठेवून घेऊन गेले. बापूंनी त्यांच्याकडून काही घेतलं नाही.

मारोती गेल्यावर मी हात धुवायला बोळात आले. बापू तांब्या घेऊन उभे होते. जेवल्यावर पाहुण्याच्या हातावर घालतात तसं त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं, हळूहळू, धार तुटू न देता. मग म्हणाले, "उद्या शाळेत जायचं हाय, लेकरांचे फोटू काढाया. कॅमेरा म्या धरतो. आतलं तुझं." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पाहुण्यांना निरोप देतो. पोरगी कामात हाय म्हणून."

पुढे माझं लग्न झालं, पण तीन वर्षांनी, आणि आमच्या गावातल्याच माणसाशी, कारण स्टुडिओ सोडायचा नाही ही माझी अट होती. नांदेडच्या कॉलेजचं मात्र राहिलंच. तो डोंगरावरचा कारखाना बंद पडल्याचं पुष्कळ वर्षांनी कोणीतरी सांगितलं. त्या गजरेवाल्या बाईंचं काय झालं असेल ते कळायला मार्ग नाही. सय्यदभाई अखेरपर्यंत ईदला शीरखुर्मा पाठवत होते. बापूंचं मन कधी पुरतं फिरलं नाही. देवीच्या फोटोला ते हात जोडत, पण लांबून. डार्करूमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि मीही त्यांना कधी बोलावलं नाही. बाहेरचा स्टुडिओ मात्र त्यांचाच राहिला. गिऱ्हाईक हसवायचं, मान सरळ करायची, बटण दाबायचं आणि फिल्म दाराच्या फटीतून माझ्याकडे सरकवायची. मग ते दाराबाहेर स्टूल टाकून बसत. मधेच एकदा विचारत, "चेहरा आला का?" आणि मी आतून सांगायची, "येऊन राहिला, बापू."